टायगर ट्राउट आणि मरळ

वारंगा फाट्यावर खरा धंदा रात्री असतो. हिंगोलीकडून येणारा रस्ता इथे नांदेड-नागपूर रस्त्याला मिळतो. अकोला-वाशिमच्या गाड्या असोत की यवतमाळ-नागपूरच्या, सगळ्या इथूनच नांदेडकडे जातात. पुढे कोणी लातूर-सोलापूरकडे वळतं, कोणी देगलूरवरून हैदराबाद गाठतं. गाडी थांबली की उतरलेला माणूस आधी खिचडी मागतो, कारण फाट्याचं नाव त्यानं खिचडीमुळेच ऐकलेलं असतं. त्या हॉटेलांच्या ओळीतल्या एका गल्ल्यावर मी बसतो. दोन ट्रॅव्हल्स एकदम आल्या तर पाणी प्यायला उसंत नसते, आणि त्या निघून गेल्या की बराच वेळ रस्त्यावर फक्त ट्रक जाताना दिसतात. त्या रिकाम्या वेळात मी मासे धरायला शिकलो. फोनमध्ये.

खेळ भाचीनं टाकून दिला. ती पुण्याला शिकते. दिवाळीला आली होती, तेव्हा मी रात्री एकामागून एक रील बघत बसतो हे तिनं पाहिलं. म्हणाली, "मामा, नुसता अंगठा फिरवून काय मिळायलंय तुम्हाला? हे खेळून बगा." आणि स्वतःच्या पैशानं 'स्टारड्यू व्हॅली' विकत घेऊन माझ्या फोनमध्ये घातला. एकदा पैसे दिले की संपलं. मधे जाहिरात येत नाही, पुढे जायचं असेल तर इतके रुपये भरा असंही कोणी म्हणत नाही. सिएटलच्या एरिक बॅरोन नावाच्या तरुणानं हा खेळ एकट्यानं बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचं, गावातल्या माणसांच्या गोष्टीही त्याच्याच. साडेचार वर्षं तो त्यावर बसला होता, आणि त्या काळात पोटापाण्यासाठी एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होता. २०१६ च्या फेब्रुवारीत खेळ कॉम्प्युटरवर आला, २०१९ मध्ये अँड्रॉइड फोनवर. एका माणसाच्या हातचं काम आहे हे खेळताना जाणवतं. कुठेही घाई नाही आणि काही ढकलून दिलेलं नाही.

मुळात हा शेतीचा खेळ. आजोबा नातवासाठी एक पडीक शेत ठेवून जातात, ते नातवानं वाहतं करायचं. मला त्यात फार रस वाटला नाही. हळद आणि सोयाबीन घरी आहेच, त्याच्या काळज्याही घरी आहेत. पण दुसऱ्याच दिवशी खेळातल्या विली नावाच्या कोळ्याचं पत्र येतं. समुद्रकाठी गेलं की तो बांबूची एक गळकाठी हातात देतो. ती घेऊन मी नदीवर गेलो आणि तिथेच रमलो. शेतात गवत वाढलं. भाची फोनवर विचारायची, "मामा, पेरणी केली का?" मी म्हणायचो, "आधी नदी बघू दे."

या नदीचा एक कायदा आहे, आणि तो मला पहिल्यापासून आवडला. कोणताही मासा केव्हाही लागेल असं नाही. प्रत्येकाचा ऋतू ठरलेला, दिवसातली वेळ ठरलेली, काहींना ऊन लागतं, काहींना पाऊस. शॅड हवा असेल तर पाऊस पडत असताना गळ टाकायचा. कॅटफिशलाही पाऊस लागतो. सनफिश उलटा, त्याला लख्ख ऊन. रेनबो ट्राउट उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी मिळतो, सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत. मग ट्राउटांतलाच दुसरा, टायगर ट्राउट. हा फक्त शरदात आणि हिवाळ्यात येतो, तोही दिवसाउजेडी. गावातल्या एका जुन्या सभागृहात नदीच्या माशांची एक यादी पूर्ण करायची असते. तिच्यात चारच नावं आहेत: सनफिश, कॅटफिश, शॅड आणि टायगर ट्राउट. पहिले तीन मला मिळाले. चौथ्यासाठी शरद ऋतूची वाट बघावी लागली. खेळातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा आणि एक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वाट बघणं काही फार लांबचं नव्हतं. पण वाट बघावीच लागते, आणि ती पैसे देऊन चुकवता येत नाही, ही गोष्ट मोठी आहे.

खेळात शरद आला तेव्हा फाट्यावर मे महिना चालू होता. आमच्याकडे मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. मागे भट्टी, समोर डांबराचा रस्ता, वर गरम हवा फिरवणारा पंखा. फोनच्या पडद्यावर मात्र झाडं नारिंगी झालेली, पानं वाऱ्यावर तिरपी उडत चाललेली, आणि खाली निळसर नदी. मी गळ टाकला. पाण्यात एका जागी बुडबुडे उठत होते. तिथे गळ पडला की मासा लवकर लागतो, हे एव्हाना ठाऊक झालं होतं.

मासा लागला की खेळातल्या आपल्या माणसाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं, त्या क्षणी बोट टेकवायचं. मग पडद्यावर एक उभी पट्टी उघडते. पट्टीत माशाचं छोटं चित्र वर-खाली पळत असतं, आणि तुमच्या ताब्यात असतो एक हिरवा तुकडा. बोट दाबून धरलं की हिरवा तुकडा वर चढतो, सोडलं की खाली पडतो, आणि तळाला आपटला की उसळी घेतो. मासा हिरव्याच्या आत राहिला तर बाजूची बारीक रेघ भरत जाते. बाहेर गेला की ती उतरायला लागते. रेघ पूर्ण भरली की मासा तुमचा. पूर्ण उतरली की सुटला. एवढंच आहे सगळं, पण हे एवढंच जमायला फार लक्ष लागतं. हिरवा तुकडा जड आहे, त्याला स्वतःचा वेग आहे. बोट सोडल्यावर तो लगेच थांबत नाही. म्हणून मासा वर गेल्यावर आपण वर निघालो तर पोचेपर्यंत मासा खाली आलेला असतो. दाबून धरण्यापेक्षा टिचकी मारत राहावं लागतं, हलकी, एकसारखी. आणि प्रत्येक माशाची चाल वेगळी. शॅड सरळ, सावकाश जातो. टायगर ट्राउट झेपा घेतो. तो एका जागी थरथरत राहतो, वाटतं आता दमला, आणि तेवढ्यात पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला जातो.

त्या रात्री लागलेल्यानं अशाच दोन झेपा घेतल्या. पहिल्या झेपेत रेघ निम्म्याच्या खाली आली. बाहेर एक ट्रक हॉर्न देत उभा राहिला, क्लीनर उतरून पाण्याची बाटली मागायला आला, आमच्या पोऱ्यानं ती दिली. मी मान वर केली नाही. दुसऱ्या झेपेला मी त्याच्यामागे धावलोच नाही. हिरवा तुकडा मधोमध धरून ठेवला, कारण इतकी झेप घेतलेला मासा परत मधूनच जाणार. तो आला. मग त्याच्यासोबत हळूहळू खाली, परत थोडं वर, आणि रेघ भरली. माणसानं मासा डोक्यावर धरून दाखवला. अंगावर पट्टे होते, लांबी सोळा इंच. त्याच्या माहितीत खेळानं लिहिलं होतं की हा दुर्मिळ संकर आहे आणि याला स्वतःची पिल्लं होत नाहीत.

हा मासा खरोखर आहे का, ते मला त्याच रात्री शोधावंसं वाटलं.

आहे. आई ब्राउन ट्राउट, बाप ब्रूक ट्राउट. ब्राउन ट्राउट युरोपातला, ब्रूक ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. एकाची गुणसूत्रं ऐंशी, दुसऱ्याची चौऱ्याऐंशी. यांच्या पोराची ब्याऐंशी, आणि त्याचा वंश पुढे चालत नाही. अंगावर वाघाच्या पट्ट्यांसारखी वळणावळणाची नक्षी असते, म्हणून नाव टायगर. या दोन जाती मुळात एकमेकींना कधी भेटल्याच नसत्या, मधे अटलांटिक महासागर आहे. १८८३ मध्ये जर्मनीतून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत नेली, तिथल्या नद्यांत ती पिल्लं सोडली, तेव्हा कुठे हे दोघे एका पाण्यात आले. नैसर्गिक नदीत त्यांचा संकर आजही क्वचितच सापडतो. बहुतेक टायगर ट्राउट माणसानं उबवणी केंद्रात तयार केलेले असतात. दोन्ही जाती शरदात अंडी घालतात, त्यामुळे खेळात हा मासा शरदातच यावा हे मला मनापासून पटलं.

ट्राउट म्हटलं की थंड पाणी हे मी ऐकून होतो, पण थंड का, ते त्या दिवसांत कळलं. पाणी जितकं गार, तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशाच्या एक लिटर पाण्यात अकरा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशाला तो साडेसातवर येतो. ट्राउटला भरपूर प्राणवायू लागतो. रेनबो ट्राउट दहा ते अठरा अंशांत सुखात असतो. पाणी पंचविशीच्या पुढे गेलं की त्याचा जीव धोक्यात येतो, कारण अंग तापून त्याची प्राणवायूची भूक वाढते, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. म्हणून तो बर्फाच्या, झऱ्याच्या, दगडांवरून फेसाळत येणाऱ्या पाण्यात राहतो. पाणी दगडावर आपटतं तेव्हा त्यात हवा मिसळते. थंडीइतकंच ते वाहणंही त्याला हवं असतं.

भारतात ट्राउट गोऱ्या साहेबांच्या गळाच्या हौसेपायी आला. काश्मीरसाठी ब्राउन ट्राउटची अंडी जहाजानं निघाली, पहिली खेप वाटेतच गेली, आणि १९०० मध्ये आलेली दुसरी जगली. पुढे हिमाचलात कुलूच्या खोऱ्यात, दक्षिणेत निलगिरीच्या माथ्यावर ट्राउटची रुजवण झाली. आज काश्मिरात कोकरनागला ट्राउटचं मोठं केंद्र आहे, कुलूजवळ पतलीकुहलला आहे, आणि थंड पाण्याच्या माशांवर काम करणारी केंद्राची संशोधन संस्था उत्तराखंडात भीमतालला आहे. महाराष्ट्रात ट्राउट जगेल अशी नदी नाही. आपल्या सह्याद्रीत जोराच्या पाण्याचा मानाचा मासा म्हणजे महसीर, ज्याला खडशीही म्हणतात. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यापाशी टाटांच्या वीज कंपनीनं त्याची पैदास करून कितीतरी नद्यांत बोटुकली पाठवली. महाडजवळ वाळणकोंडीला तर देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. पण सह्याद्री आमच्यापासून फार लांब. आमच्याकडे कयाधू आहे आणि पैनगंगा आहे.

कयाधूकाठच्या एका गावातले नाना बाजाराहून परतताना गाडीची वाट बघत आमच्याकडे चहा घेतात. भोई समाजाचे, सत्तरीच्या पुढचे. उभं आयुष्य नदीवर गेलं. मुलं आता इसापूर धरणाच्या पाण्यावर जातात. मी त्यांना फोनमधला टायगर ट्राउट दाखवला. त्यांनी फोन लांब धरून नीट पाहिला. मी विचारलं, "नाना, असा मासा आपल्या कयाधूत सोडला तर जगंल का?"

"पाणी कसलं लागतंय त्याला?"

"थंड. वाहतं. उन्हाळ्यातबी थंडच."

"मग कशाला इथं आणून मारायलाव त्याला?" नाना म्हणाले. "आपल्याकडं मरळ हाय की. तिला पाणी नसलं तरी चालतंय."

मरळ मी लहानपणापासून खात आलो. काटे कमी, मांस पांढरं, घट्ट, आजाऱ्याला मुद्दाम देतात. पण तिला पाणी नसलं तरी चालतं, हे मी शब्दशः घेतलं नव्हतं. नाना म्हणाले, "या एकदा, दाखवतो."

उन्हाळा संपता संपता गेलो. कयाधू त्या दिवसांत नदी राहत नाही. मधे मधे डोह, त्यांच्यामध्ये कोरडी वाळू, आणि काही डोहांचा तर नुसता चिखल झालेला. नानांचा नातू गुडघाभर चिखलात उतरून पायांनी चाचपत होता. पायाखाली काही हललं की वाकायचा आणि दोन्ही हातांनी दाबायचा. त्यानं एक मरळ काढली, हातभर लांब. काळपट पाठ, पोटाकडे पांढरट, डोकं चपटं आणि त्यावर सापाच्या डोक्यावर असतात तसे मोठे खवले. घमेल्यात टाकली, वर ओलं बारदान. घमेल्यात पाणी ओंजळभरही नव्हतं. आम्ही लिंबाखाली बसलो, चहा झाला, नानांनी पानतंबाखू काढली, जुन्या पुराच्या गोष्टी निघाल्या. परत बारदान उचललं तर मरळ तशीच, तोंड अर्धवट उघडून हवा घेत होती. नातवानं बोट लावलं तशी घमेल्याबाहेर उडी मारायला निघाली.

मरळीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिच्यात ती तोंडानं गिळलेली हवा धरते आणि त्यातला प्राणवायू घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. दर काही मिनिटांनी तिला पाण्यावर येऊन श्वास घ्यावाच लागतो. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर मरळ पाण्यात गुदमरून मरते. मासा असून ती बुडते. आमचं पाणी उथळ, गढूळ आणि उन्हानं तापलेलं, त्यात प्राणवायू थोडा. अशा पाण्यात ज्याला जगायचं त्यानं श्वास बाहेरून आणायचा, ही मरळीची तोड आहे. ट्राउटनं थंड पाणी शोधलं, मरळीनं पाण्यावरचा भरवसाच सोडला. ज्या आकड्यांमुळे ट्राउट इथे जगत नाही, त्याच आकड्यांनी मरळ घडवली. फोनमधल्या सोळा इंची माशाच्या मागे गेलो नसतो तर ज्या माशाचं कालवण मी आयुष्यभर खाल्लं, त्याला श्वास कुठून मिळतो हे मी कधी विचारलं नसतं.

नाना हे सगळं दुसऱ्या बाजूनं जाणत होते. मरळ वर येते तेव्हा पाण्यावर 'गुळूप' असा आवाज होतो आणि मागे बुडबुडे राहतात. ते म्हणाले, पहिल्या गुळूपला गळ टाकायचा नाही. बसून राहायचं. ती परत कुठे वर येते ते बघायचं. दोन-तीन वेळा पाहिलं की तिची वाट कळते, मग पुढच्या जागी गळ ठेवायचा, गळाला बारकी बेडकी लावून. लागली की ओढाओढ करायची नाही, ती शेवाळात, मुळ्यांत शिरते आणि दोरी तोडते. तिला जाऊ द्यायचं, फिरली की घ्यायचं. मी ऐकत होतो आणि माझा अंगठा आपोआप हलत होता.

मग त्यांनी पिलांचं सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडाला मरळ अंडी घालते. पिल्लं लालसर-नारिंगी असतात आणि झुंडीनं पाण्याच्या वरच्या थरात फिरतात, कारण त्यांनाही हवा घ्यावी लागते. नर-मादी खालून राखण करतात. पाण्यावर लाल ढग सरकताना दिसला की त्याच्या खाली मोठी जोडी आहेच. त्या वेळी गळ टाकला तर मरळ हमखास लागते, ती भुकेनं नाही, पिलांजवळ काही आलं म्हणून रागानं तोंड मारते. "लई जण तवाच धरतेत," नाना म्हणाले. "मी कधी धरली नाही. माय-बाप गेले की बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतेत. एक मरळ मिळती, अन् सगळं खानदान जातंय." खेळातल्या नदीत हा नियम नाही. तिथे हवे तेवढे धरा, मासे संपत नाहीत. त्या बाबतीत नानांचा खेळ अवघड आहे.

शेजारच्या तेलंगणानं मरळीला आपला राज्यमासा केलं आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये समुद्रातल्या पापलेटला तो मान दिला. पापलेट गुणाचा मासा, त्याबद्दल वाद नाही, पण मराठवाड्यातल्या माणसाला मरळ जवळची. दरवर्षी मृग लागतो त्या सुमाराला आमच्या फाट्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांत दमेकरी दिसतात. बत्तिनी कुटुंब त्या दिवशी मरळीचं जिवंत बोटभर पिल्लू औषध भरून गिळायला देतं, त्यासाठी ही माणसं जातात. त्यानं दमा बरा होतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि माझ्याकडे कोणी विचारलं तर मी डॉक्टरांचं औषध बंद करू नका एवढंच सांगतो. पण त्यासाठी मरळच का, हे आता मला कळतं. हंड्यात, पिशवीत, गर्दीत, जूनच्या उकाड्यात इतका वेळ तग धरणारं दुसरं पिल्लू कोणतं?

बाजारातल्या टोपलीत मरळ आता कमी दिसते. तळ्यांत, धरणांत कटला, रोहू, मृगळची बोटुकली सोडतात, त्यांचंच पीक निघतं. त्याच्या जोडीला चिलापी. ती परकी, १९५२ मध्ये भारतात आणली आणि आता कुठल्याही डबक्यात सापडते. ब्राउन ट्राउट जसा अमेरिकेत गेला तशी चिलापी इकडे आली. माणसानं मासे इकडचे तिकडे नेले, त्यातून कुठे कोणाचं पोट भरलं आणि कुठे कोणाची जागा गेली. गिऱ्हाईक विचारतं, किलो काय भाव. कोणत्या पाण्यातला, कोणत्या महिन्यातला, हे कोणी विचारत नाही. मी विचारायला लागलो आहे. विकणाऱ्या बायांना आधी नवल वाटायचं, आता त्या स्वतःहून सांगतात, "दादा, ही नदीची हाय, तळ्याची नाही."

टायगर ट्राउट सभागृहातल्या यादीत देऊन टाकला. यादी पूर्ण झाली, बक्षीस म्हणून गळाला लावायचं आमिष मिळालं. भाचीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन. "मामा, मी दोन वर्षं खेळायले, मला टायगर ट्राउटनं लई छळलं होतं. तुम्हाला कसा लागला?" मी तिला झेपेच्या वेळी मधोमध थांबायची युक्ती सांगितली. तिनं मला पुढचं सांगितलं: खेळात एक हिमनदीचा मासा आहे, ग्लेशियरफिश. फक्त हिवाळ्यात, जंगलातल्या नदीच्या एका बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि गळ लांब खोल पाण्यात टाकता आला तरच. त्याच्यासारखा अवघड मासा त्या नदीत दुसरा नाही. त्यासाठी हात अजून तयार व्हायचा आहे. सध्या मी हिवाळाभर लिंगकॉड आणि टायगर ट्राउटवर सराव करतो. ते बोलणं झालं आणि तिनं ठरवून टाकलं की शिक्षण झालं की मामाला हिमाचलात तीर्थनच्या खोऱ्यात न्यायचं, खरा ट्राउट दाखवायला. तिथे परवाना काढून गळ टाकता येतो. मी हो म्हणालो. हॉटेल चार दिवस कोणीतरी बघेल.

नानांना मी ग्लेशियरफिशचं चित्र दाखवलं, त्यांना त्यात गोडी वाटली नाही. त्यांना पावसात लागणारा मिशांचा मासा हवा होता, कॅटफिश, म्हणजे आपला शिंगटा. बाजाराच्या दिवशी चहा घेता घेता फोन त्यांच्या हातात दिला. पडद्यावर बुडबुडे दिसले तसे ते म्हणाले, "इथंच टाका." मी गळ टाकला आणि फोन परत त्यांच्याकडे दिला. मासा लागला. पण पट्टी उघडल्यावर त्यांनी अंगठा दाबला तो दाबूनच धरला, हिरवा तुकडा वर जाऊन बसला आणि मासा खाली निसटला. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ओढायचं नाही का याला?"

"नाही नाना. तुम्हीच तर सांगितलं, जाऊ द्यायचं, फिरला की घ्यायचं."

पुढच्या वेळी त्यांनी टिचकी मारून पाहिली. बोट जाड, पडदा लहान, तरी एक चब त्यांनी बरोबर काढला. चब मिळून त्यांचं समाधान झालं नाही. गाडी आली, पिशवी उचलता उचलता म्हणाले, "ते फोनातला पाऊस कवा लागतोय ते बगून ठेवा. पुढल्या बाजारी शिंगटा धरू."